मॉडिफाय केलेली मिआटा विकायची आहे? आधी गॅरेजमधला खोका उघडा

मुलगी झाली आणि दोन सीटची, उघड्या टपाची गाडी दाराशी ठेवायला सबब उरली नाही. बायको एवढंच म्हणाली, "स्ट्रोलर कुठे ठेवायचा ते दाखव, मग ठेव तुझी गाडी." मी डिक्की उघडून बघितली. मिआटाच्या डिक्कीत बॅटरीच बसलेली असते, स्ट्रोलरचं काय घेऊन बसलात.

गाडी २००१ ची माझदा मिआटा, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटर, पाच गिअर, चंदेरी रंग. घेतली तेव्हा ९८ हजार मैल चाललेली, विकली तेव्हा १ लाख ३१ हजार. मधल्या सहा वर्षांत मी तिच्यावर कॉइलओव्हर सस्पेन्शन (गाडीची उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉक), १५ इंची रुंद आणि हलकी व्हील्स, खर्जातला सायलेन्सर, कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारी नळी), गिअरचा आखूड दांडीचा शिफ्टर आणि सीटमागे रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) एवढं चढवलं होतं. इंजिनाला आतून हात लावला नव्हता. या दुनियेत याला 'हलकं मॉडिफिकेशन' म्हणतात. पावत्यांची बेरीज ४,६०० डॉलर भरली, आणि ती मी आजवर घरात सांगितलेली नाही.

मी राहतो कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात. खालचे नियम तिथलेच आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर कागदपत्रांचा भाग तुमच्या डीएमव्हीच्या (म्हणजे तिथल्या आरटीओच्या) संकेतस्थळावर पडताळून घ्या. बाकीचं सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सला लागू पडतं, टोयोटा ८६ ला पडतं, होंडाच्या जुन्या सिव्हिक एसआयलाही पडतं.

आधी मनाची तयारी

मॉडिफिकेशनचे पैसे परत मिळत नाहीत. घरात इटालियन मार्बल घातलं म्हणून फ्लॅटचा भाव तेवढाच वाढत नाही, तसंच हे. उलट समोरचा घाबरतो: याने गाडी किती पिदडली असेल? ही भीती घालवणं हेच विकणाऱ्याचं खरं काम, आणि ती दोन गोष्टींनी जाते. एक पावत्यांची फाइल. दुसरी, काढून ठेवलेल्या मूळ पार्टांचा खोका. माझ्या खोक्यात कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा), मूळ सायलेन्सर, शिफ्टरची दांडी आणि व्हीलचे जुने नट होते. चार मूळ व्हील्स शेजारी रचलेली होती. घर बदलताना हे सगळं दोनदा फेकायला निघालो होतो. फेकलं नाही, म्हणून पुढचं सोपं गेलं.

काय काढायचं, काय ठेवायचं

मी प्रत्येक पार्टला दोन प्रश्न विचारले. हा स्मॉगमध्ये, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीत, अडवेल का? आणि सुटा विकला तर गाडीसोबत मिळतात त्याहून जास्त पैसे मिळतील का?

इनटेक पहिल्याच प्रश्नात गेला, त्याबद्दल पुढे. व्हील्स दुसऱ्यात गेली. पहिल्या दोन पिढ्यांच्या मिआटाला चार नटांची, १०० मिलिमीटर अंतराची व्हील्स लागतात आणि त्या मापाच्या चांगल्या व्हील्सना सुटं गिऱ्हाईक कायम असतं. टायरसकट ६५० डॉलरला दोन दिवसांत गेली. गाडीवर मूळ व्हील्स चढवली तर ती लगेच सभ्य दिसायला लागली, जावई सासुरवाडीला निघाल्यासारखी.

सस्पेन्शन मात्र ठेवलं. मूळ शॉक संपले होते म्हणूनच तर बदललं होतं, परत लावायला होतं काय? रोलबारही ठेवला. तो बसवताना बॉडीला भोकं पाडावी लागतात आणि आतलं प्लास्टिक कापावं लागतं. काढला की ती भोकं तोंड वासून बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की गाडीचा अपघात लपवलाय. शिवाय थंडरहिल किंवा लागुना सेकाच्या रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवू इच्छिणाऱ्याला रोलबार आयता हवाच असतो. फक्त पॅडिंग नीट बसवा आणि माणूस उंच असेल तर सीटवर बसवून डोकं आणि बार यांतलं अंतर त्याला स्वतःलाच बघू द्या. शिफ्टर राहिला. त्याचे पैसे कोणी देत नाही, पण टेस्ट ड्राइव्हला तोच बोलतो.

सायलेन्सरबद्दल दुमत आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा सायलेन्सर बदलल्याने स्मॉगला अडचण येत नाही, पण कॅलिफोर्नियात आवाजाची मर्यादा ९५ डेसिबलची आहे. माझा त्याच्या आतला होता, म्हणून ठेवला आणि कंपनीचा खोक्यातून सोबत दिला. तुमचा पहाटे शेजाऱ्यांना उठवत असेल तर बदलूनच टाका.

स्मॉगचं प्रकरण

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. कॅलिफोर्नियात गाडी विकताना स्मॉग सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असते आणि ते हस्तांतराच्या आधीच्या ९० दिवसांतलं लागतं. "तूच करून घे, शंभर डॉलर कमी करतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण पास झाली नाही तर भांडण तुमच्या दारात येतं.

तपासणीत नुसता धूर मोजत नाहीत, बॉनेट उघडून बघतातही. हवा आत घेण्याच्या वाटेवर बाहेरचा पार्ट दिसला की त्याच्यावर 'कार्ब'चा, म्हणजे राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा, ईओ नंबर (मंजुरीचा क्रमांक) शोधतात. तो स्टिकर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, नापास. माझ्या इनटेकला नंबर नव्हता. अर्ध्या तासात मूळ एअरबॉक्स परत बसवला. हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणारा पहिला पाइप, बदलला असेल तर तोच नियम. आणि कॉम्प्युटरचं ट्यूनिंग केलं असेल तर २०२१ च्या जुलैपासून सॉफ्टवेअरही तपासतात, त्यामुळे आधी ते मूळ पदावर आणा.

आता माझी चूक. स्मॉगच्या आदल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात बॅटरी काढून टर्मिनल घासले. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने गाडीला वायर लावली, स्क्रीनकडे बघितलं आणि मान हलवली. बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना मॉनिटर म्हणतात, त्या सगळ्या पुसल्या जातात. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना इव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफेचा) एक मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. माझे सगळेच कोरे होते. मग चार दिवस ऑफिसला मिआटानेच गेलो, रोज थोडा फ्रीवे, थोडे सिग्नल, सकाळी थंड इंजिनावर सुरुवात. वीसेक डॉलरचा ओबीडी रीडर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं छोटं यंत्र) घेतला, त्यात मॉनिटर एकेक करून हिरवे होताना दिसतात. ते हिरवे झाल्याशिवाय स्मॉगला जाऊ नका. आणि टर्मिनल घासायचेच असतील तर महिनाभर आधी घासा.

दुरुस्ती: कुठली करायची, कुठली नाही

जी गोष्ट टेस्ट ड्राइव्ह बिघडवेल ती करा. जी फक्त डोळ्याला खुपते तिचा फोटो टाका आणि भावात धरा.

माझ्या क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा पार्ट) गळत होता. या गाडीचं हे जुनं दुखणं, पार्ट स्वस्त, एका दुपारचं काम. तसाच ठेवला असता तर नेमका गिऱ्हाइकाच्या पायाखाली पेडल जमिनीला टेकलं असतं. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरत होतं, तेही बदललं. टायमिंग बेल्ट मी १ लाख १८ हजारावर वॉटर पंपासकट बदलला होता, त्याची पावती फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली. या इंजिनाला बेल्ट साधारण ६० हजार मैलांनी लागतो आणि जाणकार माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

कापडी टपाच्या कोपऱ्याला बोटभर चीर होती. नवा टप बसवायला हजाराच्या वर खर्च आला असता. केला नाही, फोटो काढला.

एक काम मात्र दहा मिनिटांचं आणि फुकटचं: टपाच्या मागे, सीटच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना पावसाचं पाणी जायची भोकं असतात. पानं-माती अडकून ती तुंबली की पाणी दाराखालच्या पट्टीत साचतं आणि मागच्या चाकाच्या पुढे गंज धरतो. बारीक लवचीक नळी घालून मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि गाडीखाली धार पडते का बघा. मी त्या धारेचा व्हिडिओ काढला. जाहिरातीतली ती एकमेव गोष्ट जिच्याबद्दल तीन जणांनी वेगळं विचारलं.

भाव

केली ब्लू बुकला, म्हणजे जुन्या गाड्यांचे अंदाजी भाव देणाऱ्या साइटला, तुमच्या कॉइलओव्हरचं काही सोयरसुतक नाही. त्याचा आकडा एक टोक समजा. दुसरं टोक म्हणजे जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कारमॅक्स कंपनीचा ऑनलाइन भाव. दोन मिनिटांत मिळतो आणि सात दिवस टिकतो. माझा ३,९०० आला. वाईट वाटून घेऊ नका, तो आकडा म्हणजे तळ: अगदीच कोणी फिरकलं नाही तर एवढे नक्की.

खरा भाव मात्र विकल्या गेलेल्या गाड्यांत कळतो, विकायला काढलेल्यांत नाही. कार्स अँड बिड्स आणि ब्रिंग अ ट्रेलर या लिलावांच्या साइटवर जुने निकाल उघडे असतात. तिथल्या गाड्या सहसा जास्त जपलेल्या असतात, म्हणून त्यातून वजावट करा. आपली पिढी, आपले मैल, आपल्यासारखीच अवस्था अशा आठ-दहा गाड्या वहीत उतरवल्या की चित्र स्पष्ट होतं. मी ८,४०० सांगितले, मनात ७,५०० धरले. मोसमही बघा. उघड्या टपाची गाडी फेब्रुवारीत लोकांना आवडते आणि एप्रिलमध्ये हवीच असते.

फोटो आणि जाहिरात

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, मोकळ्या जागेत. मी स्कायलाइन बुलवार्डला वुडसाइडच्या वर गेलो, जिथे रविवारी सगळ्या जातीच्या गाड्या जमतात. टप उघडा, टप बंद, चारी कोपरे, ओडोमीटर, बॉनेटखाली, टायरचे खाचे, टपाची चीर. आणि हो, गाडीचं पोट. मिआटाच्या खाली दोन लांब फ्रेम रेल असतात, चुकीच्या जागी जॅक लावला की त्या चेपतात. सस्पेन्शन बदलून जमिनीजवळ आणलेली गाडी असेल तर समोरचा खाली वाकणारच. फोन खाली सरकवून तुम्हीच आधी फोटो काढा.

जाहिरातीत "रिस्पेक्टफुली ड्रिव्हन" (जपून चालवलेली) वगैरे लिहू नका, त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी सरळ यादी दिली: कुठला पार्ट, कधी, कोणी बसवला, मूळ पार्ट सोबत आहे की नाही. त्याखाली दुखणी. त्याखाली एक ओळ: चार वेळा पार्किंग लॉटमधल्या ऑटोक्रॉसला (शंकू मांडून वेळ लावायच्या शर्यतीला) नेली आहे, ट्रॅकवर कधी नाही. मित्र म्हणाला, ऑटोक्रॉसचं कशाला लिहितोस? अरे, दारावर आकड्यांच्या चुंबकी पाट्यांचे ओरखडे आहेत. जो ओळखणार तो ओळखणारच.

या पिढीबद्दल एक गंमत ठाऊक असू द्या, कारण कोणीतरी ती काढतंच. २००१ साली माझदाने अमेरिकेत या इंजिनाची ताकद १५५ हॉर्सपॉवर जाहीर केली होती. प्रत्यक्षात ती १४२ निघाली, आणि कंपनीने गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. जाहिरातीत १४२ च लिहा.

मी फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्ट आणि मिआटावाल्यांच्या फोरमवर टाकली. आपल्या मराठी ग्रुपवरही टाकली. तिथून तीन मेसेज आले. एकाने विचारलं मागे किती बसतात, आणि दोघांनी, "कोरोला आहे का कुठे बघण्यात?"

फोनवरच गाळून घ्या

"अजून आहे का?" एवढंच विचारून गायब होणारे निम्मे. न बघता "शेवटचं काय?" विचारणाऱ्याला मी एकच उत्तर ठेवलं: गाडी बघा, मग बोलू. अदलाबदलीचेही प्रस्ताव येतात. मला एक जेट स्की आणि वर हजार डॉलर देऊ केले होते.

फसवणुकीचे तीन प्रकार ओळखून ठेवा. तुमच्या फोनवर आलेला कोड "खात्री करायला" मागणारा: तो तुमच्या नंबरावर गुगल व्हॉइसचं खातं उघडत असतो. अनोळखी साइटवरूनच व्हीआयएन रिपोर्ट (चासी नंबरवरून गाडीचा इतिहास) विकत घ्या म्हणणारा: ती साइट त्याचीच असते. आणि जास्त रकमेचा चेक पाठवून उरलेले परत मागणारा. कारफॅक्स या नेहमीच्या कंपनीचा असा रिपोर्ट मी आधीच काढून पीडीएफ तयार ठेवला होता, त्यामुळे दुसरा प्रकार तिथेच संपला.

टेस्ट ड्राइव्ह

इंजिन थंड ठेवा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे काहीतरी झाकलंय, असं जाणकार समजतो आणि बरोबरच समजतो. लायसन्सचा फोटो घ्या, त्याच्याकडे विमा आहे का विचारा, आणि तुमच्या विमा कंपनीला आधीच फोन करून दुसऱ्याने चालवलेली चालते का ते पक्कं करा. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुला क्लचची गाडी येते का? अमेरिकेत हा विचारावाच लागतो. एका उत्साही पोराने "थोडी थोडी" म्हटल्यावर मी त्याला शेजारी बसवून स्वतः फिरवून आणलं. तो नाराज झाला, माझा क्लच वाचला.

सोबत तुम्ही बसाच. रस्ता आधी ठरवा: थोडं खराब डांबर, एक चढ, एक फ्रीवे एग्झिट. माझ्या ड्राइव्हवेच्या उतारावर गाडीची हनुवटी घासायची, ती मी मुद्दाम घासू दिली आणि तिरकी कशी घ्यायची ते दाखवलं. घरी नेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कोणी आपल्या मेकॅनिककडे तपासणीला न्यायचं म्हटलं तर त्याच्या खर्चाने खुशाल न्यायला द्या, तुम्ही बरोबर जा.

शेवटी घेतली ती एका कॉलेजच्या मुलीने. तिच्याबरोबर वडील आले होते, हातात टॉर्च. त्यांनी रेल बघितल्या, तेलाची दांडी पुसून दोनदा बघितली, मग खोका उघडला. एअरबॉक्स हातात घेऊन मुलीला म्हणाले, "ज्याने हे सांभाळून ठेवलंय त्याने तेलही बदललं असणार." घासाघीस झाली, ७,८०० वर ठरलं.

पैसे आणि कागद

व्यवहार घेणाऱ्याच्या बँकेत करा. कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला) असेल तर तो तुमच्यासमोर काउंटरवर बनला पाहिजे. घरी आणलेला चेक खोटा असू शकतो आणि ते आठवड्यांनी कळतं. रोख असेल तर तिथेच मोजून भरा. झेलला (फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीला) बँकेची रोजची मर्यादा असते, ती आधी विचारा.

टायटल, ज्याला इथे पिंक स्लिप म्हणतात, ते आपल्याकडच्या आरसी बुकासारखं. त्यावर नवरा-बायकोची नावं 'अँड'ने जोडलेली असतील तर दोघांच्या सह्या लागतात, 'ऑर' असेल तर एकाची पुरते. ही गोष्ट बँकेच्या दारात कळू नये. कर्ज काढून घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरलेला आधी बघा. टायटलवर व्हाइटनर नको, खाडाखोड तर मुळीच नको, नाहीतर वेगळा खुलासा भरत बसावं लागतं. ओडोमीटरची नोंद २०११ आणि पुढच्या मॉडेलांना कायद्याने सक्तीची आहे. माझ्या गाडीला सूट होती, तरी मैल लिहिले. बिल ऑफ सेल दोन प्रतींत केलं, त्यावर 'जशी आहे तशी' हे शब्द आणि सोबत दिलेल्या पार्टांची यादी.

बिलावर किंमत कमी लिहायची विनंती होते, कारण घेणाऱ्याला त्या रकमेवर कर भरावा लागतो. पुण्या-मुंबईत फ्लॅटच्या व्यवहारात ऐकलेली भाषाच ती. नाही म्हणा. सही तुमची असते.

गाडी वळणाआड गेल्यावर

त्याच संध्याकाळी डीएमव्हीच्या साइटवर नोटीस ऑफ ट्रान्सफर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, भरा. मुदत ५ दिवसांची आहे, पण थांबायचं कशाला? नव्या मालकाला नाव लावायला १० दिवस असतात आणि तोवर पार्किंगचा दंड तुमच्या नावाने येऊ शकतो. भरल्याची पावती जपून ठेवा, मग विमा बंद करा.

कॅलिफोर्नियात साध्या नंबरप्लेट गाडीबरोबर जातात. म्हणून फासट्रॅकचा (आपोआप टोल कापणारा) टॅग काचेवरून काढणं पुरेसं नाही, खात्यातून गाडीचा नंबरही काढावा लागतो. मी टॅग काढला आणि नंबर विसरलो. दहा दिवसांनी बे ब्रिजचा टोल माझ्या खात्यातून गेला. गाडी घेतलेली पोरगी ओकलंडच्या बाजूला फिरायला गेली असणार.

तिला मेसेज करायला फोन उचलला तर तिचाच आलेला होता: मागचं चाक पंक्चर आहे, आणि लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटाची) चावी कुठे आहे? सगळ्या गाडीत शोधली. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होती, टेप आणि मेणबत्त्यांच्या मध्ये. चाळीस मैल जाऊन देऊन आलो. तुमची आजच ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.